‘कुसुंबी’ म्हणजे नेमका कोणता रंग, आणि या शब्दाचा करडईशी संबंध काय?

नीलाक्षरी (सोलापूर)

सर्व सदस्यांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरी ट्रंकेतले कपडे उन्हाला घालण्याचे काम निघाले होते आणि मदतीला मावशीही आली होती. बोलता बोलता आजीच्या एका लुगड्याचा विषय निघाला, जे आता घरात नाही, परंतु ज्याला घरात सगळे ‘कुसुंबी लुगडे’ म्हणत असत. आईचे म्हणणे असे की ते लुगडे चांगले तांबडे होते, किंचित नारिंगीकडे झुकणारे. मावशी आईहून अकरा वर्षांनी लहान आहे. तिने ठामपणे सांगितले की कुसुंबी म्हणजे गुलाबी, आणि ते लुगडे तिला गुलाबीच आठवते. लुगडे एकच आणि त्याचे नावही एकच, याबद्दल दोघींचे एकमत होते. मतभेद होता तो फक्त रंगाबद्दल, आणि तो संध्याकाळच्या चहापर्यंत मिटला नाही.

हा वाद ऐकून शेजारच्या काकू, ज्यांच्या घरी कन्नड बोलतात, मध्येच म्हणाल्या की त्यांच्याकडे ‘कुसुबी’ म्हणजे करडई आणि ‘कुसुबी एण्णी’ म्हणजे करडईचे तेल. त्यात तांबडे काय आणि गुलाबी काय? मी चमकले. करडई मी लहानपणापासून पाहत आले आहे. थंडीत बार्शीकडे किंवा मंगळवेढ्याकडे जाताना ज्वारीच्या रानाच्या कडेला ती काटेरी, पिवळ्या-केशरी फुलांची ओळ दिसतेच. आम्ही तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी खातो आणि तिचे तेल वापरतो. परंतु तिच्या फुलाचा आणि आजीच्या लुगड्याचा काही संबंध असेल, असे मला पन्नास वर्षांत एकदाही वाटले नव्हते.

माझे प्रश्न तीन आहेत. कुसुंबी हा शब्द खरोखरच करडईच्या फुलावरून आला आहे का? आला असेल, तर मराठीत त्या पिकाला कुसुंबा न म्हणता करडई का म्हणतात? आणि पिवळ्या फुलावरून तांबड्या किंवा गुलाबी रंगाचे नाव कसे पडले?

वनवाट

नीलाक्षरीताई, मला वाटते आपल्या शेजारच्या काकूंनी आपल्याला चुकीच्या रानात नेले आहे. कुसुंब नावाचा एक मोठा वृक्ष आहे, ज्याला आपल्याकडे कोशिंब असेही म्हणतात, आणि वसंतात त्याची कोवळी पालवी इतकी लालबुंद असते की लांबून झाड फुलल्यासारखे वाटते. त्याच्यावर लाखेचे किडेही वाढवतात आणि त्या लाखेला बाजारात ‘कुसुमी लाख’ म्हणून चांगला भाव असतो. लाखेपासूनही लाल रंग मिळतो. लाल पालवी, लाल लाख आणि कुसुंबी रंग, हा सरळ हिशेब आहे.

शब्दान्वेषी (पुणे)

वनवाट यांचा तर्क आकर्षक आहे, परंतु तो टिकत नाही. कोशिंब हे नाव संस्कृत ‘कोशाम्र’ या शब्दापासून आले आहे आणि कुसुंब हे त्या वृक्षाचे नाव उच्चारसाम्यामुळे जवळ आलेले आहे. रंगाच्या नावाची परंपरा मात्र वेगळी आणि फार स्पष्ट आहे. संस्कृतात ‘कुसुम्भ’ म्हणजे करडई, आणि अमरकोशात त्याचे पर्याय म्हणून ‘वह्निशिख’ आणि ‘महारजन’ ही नावे दिलेली आहेत. वह्निशिख म्हणजे अग्नीच्या ज्वालेसारखी शेंडी असलेले. ज्यांनी सुकत आलेले करडईचे बोंड पाहिले आहे, त्यांना हे नाव कोणी आणि का दिले असेल ते वेगळे सांगावे लागणार नाही. महारजन म्हणजे मोठे रंगद्रव्य, आणि हे नाव तर त्या वनस्पतीचा व्यवसायच सांगते.

उच्चाराचाही प्रश्न येत नाही. अनुनासिकानंतरच्या ‘भ’चा ‘ब’ होणे मराठीला नवीन नाही. ‘स्कम्भ’चा ‘खांब’ झाला तसाच ‘कुसुम्भ’चा ‘कुसुंब’ झाला. (आपली भाषा उलट्या दिशेनेही चालते. ‘जम्बू’मध्ये मुळात ‘ब’ असताना आपण ‘जांभूळ’ म्हणतो. पण ते असो.)

आता मुख्य मुद्दा, जो मला नीलाक्षरीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी दिसतो. पाणिनीच्या व्याकरणात ‘तेन रक्तं रागात्’ असे सूत्र आहे (४.२.१), ज्याचा अर्थ असा की एखाद्या रंगद्रव्याने रंगवलेल्या वस्तूला त्या द्रव्याच्या नावापासून विशेषण तयार होते. काशिकावृत्ती या पाणिनीवरील जुन्या टीकेने त्याची उदाहरणे दिली आहेत ती काषाय, माञ्जिष्ठ (मंजिष्ठेच्या लाल मुळाने रंगवलेले) आणि कौसुम्भ. कौसुम्भ वस्त्र म्हणजे कुसुंभाच्या फुलासारखे दिसणारे वस्त्र नव्हे. कुसुंभाने रंगवलेले वस्त्र, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपला ‘कुसुंबी’ हा त्याच घरातला शब्द आहे.

हा फरक लहान वाटतो, परंतु फुलांवरून आलेल्या आपल्या इतर रंगनामांशी तुलना केली की तो उठून दिसतो. आपण गुलाबी म्हणतो तेव्हा गुलाबाच्या पाकळीसारखा रंग असे म्हणायचे असते; गुलाबाने कोणी कापड रंगवत नाही. (‘गुलाब’ हा शब्दही मुळात फारसीत ‘फुलाचे पाणी’ या अर्थाचा होता आणि आपल्याकडे येऊन तो फुलाचेच नाव झाला.) अबोलीचेही तसेच आहे, ते फूल गजऱ्यात जाते, रंगाऱ्याच्या हंड्यात जात नाही. गुलाबी आणि अबोली हे डोळ्यांनी ठरवलेले रंग आहेत, तर कुसुंबी हा हातांनी केलेला रंग आहे. म्हणून करडईच्या शेताकडे पाहून कुसुंबी रंग ओळखता येत नाही. त्यासाठी त्या फुलाचे पुढे काय करत असत, ते पाहावे लागते.

वनवाट

कोशाम्राचा मुद्दा मान्य आहे. माझा हिशेब मागे घेतो. तरीही लाल पालवीचे झाड पाहायला कधीतरी फाल्गुनात अवश्य जावे, असे सुचवतो.

अक्कलकोटची सून

माझे माहेर कलबुर्गीकडचे आणि सासर अक्कलकोटचे, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात दोन भाषा एकाच वेळी शिजतात. नीलाक्षरीताईंच्या शेजारच्या काकू जे म्हणाल्या ते अगदी बरोबर आहे. कन्नडमध्ये करडईला कुसुबे म्हणतात आणि आमच्या भागातल्या बोलीत कुसुबी. मला उलट लग्नानंतर मराठी शिकताना ‘करडई’ या शब्दाची गंमत वाटली होती, कारण तो मला कुठल्याच ओळखीच्या शब्दाशी जोडता येत नव्हता. माझ्या सासूबाईंना मात्र ‘कुसुंबी साडी’ हा शब्द चांगला माहीत होता. म्हणजे एकाच घरात माझ्याकडे पीक होते आणि त्यांच्याकडे रंग होता, आणि आम्ही दोघींनी वीस वर्षे एकमेकींना त्याबद्दल विचारले नाही.

आमच्याकडे कुसुबी या शब्दाने आज फक्त तेल आणि पीक आठवते. रंग कोणाला आठवत नाही.

धोटा (सोलापूर, पूर्व भाग)

यात तिसरी भाषा मिळवतो. आमचे घर पद्मशाली विणकरांचे. पणजोबा तेलंगणातून सोलापूरला मागावर काम करायला आले आणि घरात अजून तेलुगू बोलतात. तेलुगूत करडईच्या तेलाला ‘कुसुमा नूने’ म्हणतात. म्हणजे सोलापुरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले की त्याच पिशवीतल्या बियांना कुसुबी, कुसुमा आणि करडई अशी तीन नावे लागतात, आणि त्यांपैकी दोन नावांत रंग लपलेला आहे, परंतु तो रंग जिवंत आहे तो नेमका तिसऱ्या नावाच्या भाषेत.

रंगाच्या प्रश्नावर मी थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण माझे उभे आयुष्य सूत रंगवण्याच्या कामात गेले आहे. अर्थात आमचे काम कारखान्यातल्या रंगांचे. फुलांच्या रंगाची माहिती मी व्यवसायाच्या कुतूहलाने मिळवली. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा रंग भरपूर असतो आणि तो साध्या पाण्यात सहज उतरतो. दुसरा रंग लाल असतो, त्याला कार्थामिन म्हणतात, आणि तो पाकळ्यांच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. हा लाल रंग साध्या पाण्यात उतरत नाही. खाराच्या पाण्यात उतरतो.

म्हणून जुने रंगारी पाकळ्या आधी पाण्यात वारंवार धुऊन, तुडवून पिवळा रंग काढून टाकत, अगदी पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग त्याच पाकळ्या सज्जीखाराच्या किंवा राखेच्या पाण्यात भिजवून पिळल्या की लाल रंग पाण्यात येतो. त्या पाण्यात लिंबाचा किंवा चिंचेचा आंबटपणा मिसळला की तो लाल रंग पाण्यातून सुटून कापडाला धरतो. सारे थंड पाण्यात करायचे, कारण उकळले तर लाल रंग बिघडतो. मंजिष्ठ किंवा आली या लाल रंग देणाऱ्या मुळांना जशी तुरटी लागते, तशी इथे लागत नाही.

आता नीलाक्षरीताईंच्या आई आणि मावशी यांच्या वादाकडे येतो. सुती कापडाला यातला लाल रंग धरतो, पिवळा धरत नाही. त्यामुळे सुती कापड एकदा बुडवले तर गुलाबी होते, आणि ताज्या रंगात पुन्हा पुन्हा बुडवत गेले तर गडद होत होत लालपर्यंत जाते. रेशमाला दोन्ही रंग धरतात, म्हणून पिवळा नीट धुतला गेला नसेल तर रेशीम नारिंगी होते. एकाच फुलाने पिवळा, नारिंगी, गुलाबी आणि लाल असे चारही रंग मिळू शकतात, आणि रंगवणाऱ्याच्या दृष्टीने चारही कुसुंब्याचेच.

तिरकस (मुंबई)

सगळे छान जुळून आले आहे आणि नेमके त्यामुळेच मला शंका येते. आजींचे लुगडे साधारण कोणत्या काळातले? इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन याने पहिला कृत्रिम रंग १८५६ साली केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत कारखान्यांच्या रंगांनी भारतातल्या वनस्पतींच्या रंगांचा बाजार जवळजवळ बसवला. आजी १९४० च्या सुमारास लुगडे नेसत असतील, तर ते करडईने रंगवलेले असण्याची शक्यता अगदी थोडी आहे. मग त्या लुगड्यावरून कुसुंब्याबद्दल काय सिद्ध होणार?

दुसरे असे की करडई आणि ‘करडा’ रंग यांचा काही संबंध लावायचा मोह कोणाला होण्याआधीच सांगतो: ध्वनी सारखा आहे, एवढ्यावर त्या दोन शब्दांना नातेवाईक करू नये.

धोटा

तिरकस यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्या काळातले सुती लुगडे गिरणीच्या किंवा बाजारातल्या कृत्रिम रंगाचेच असणार. सोलापुरातली पहिली गिरणी, जिला आजही लोक ‘जुनी मिल’ म्हणतात, १८७७ साली सुरू झाली, आणि कापडाच्या गावात नवे रंग लवकर पोहोचतात. परंतु रंगद्रव्य बदलले म्हणून दुकानदार आणि ग्राहक रंगाचे नाव बदलत नाहीत. त्या छटेला कुसुंबी म्हणण्याची सवय होती म्हणून नवीन डब्यातल्या रंगालाही कुसुंबी म्हटले गेले. ‘कुसुंभाने रंगवलेले’ या अर्थाचा शब्द ‘कुसुंब्याने रंगवल्यासारखे’ या अर्थाचा झाला तो बहुधा याच वाटेने.

आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८८० च्या दशकात सुताला तुरटीशिवाय थेट धरणारे जे पहिले स्वस्त लाल रंग आले, तेही काही फार पक्के नव्हते. ऊन आणि धुणे त्यांना मानवत नसे. कच्च्या रंगाच्या जागी कच्चाच रंग आला, असे म्हणायला हरकत नाही.

शब्दान्वेषी

‘कच्चा रंग’ हा शब्द धोटा यांनी वापरला हे फार बरे झाले, कारण कुसुंब्याची साहित्यातली सारी कीर्ती त्या कच्चेपणावरच उभी आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात वसंताच्या वर्णनात विलासिनींची कुसुंभरंगाची रेशमी वस्त्रे येतात, तिथे तो रंग केवळ सुंदर आहे. परंतु चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या ग्रंथात पूर्वरागाचे, म्हणजे मीलनाआधीच्या प्रेमाचे, तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिन्ही रंगाऱ्याच्या दुकानातून उचललेले आहेत. नीलीराग, म्हणजे निळीचा रंग, फारसा झळकत नाही, पण जातही नाही. कुसुंभराग शोभतो, पण उतरतो. मंजिष्ठाराग शोभतोही आणि उतरतही नाही. हे वर्गीकरण करणाऱ्याने, किंवा त्याच्या वाचकांनी, तिन्ही रंगांची कापडे धुतलेली पाहिली असली पाहिजेत. नाहीतर ही उपमा कोणाला कळली असती?

संत रविदासांचे एक पद गुरू ग्रंथसाहिबात आहे, त्यात हा संसार कुसुंब्याच्या रंगासारखा आणि आपल्या रामाचा रंग मंजिष्ठेसारखा असल्याचे म्हटले आहे. गुरुबाणीत इतरत्रही कुसुंबा पुन्हा पुन्हा येतो तो असाच, चार दिवस झळकणाऱ्या गोष्टीची खूण म्हणून. कोणत्याही रंगाची इतकी बदनामी झाली असेल असे वाटत नाही.

गुजरात आणि राजस्थानात ‘कसुंबो’ या शब्दाचा आणखी एक अर्थ झाला. पाण्यात घोळलेली अफू, जी पाहुण्यांच्या ओंजळीत देत असत, तिला कसुंबो म्हणतात. फुलापासून रंग आणि रंगापासून लालसर पेय, असा तो प्रवास दिसतो.

एका जुन्या मतभेदाचाही उल्लेख करतो. बृहदारण्यक उपनिषदात (२.३.६) पुरुषाच्या रूपाला ‘माहारजन वस्त्रा’ची उपमा दिली आहे. अमरकोशाप्रमाणे पाहिले तर हे कुसुंब्याने रंगवलेले वस्त्र ठरते, परंतु शंकराचार्यांनी तिथे महारजन म्हणजे हळद असा अर्थ केला आहे. कुसुंबा स्वतःच पिवळा आणि लाल अशा दोन्ही बाजूंना जातो, हे धोटा यांच्याकडून कळल्यावर मला हा मतभेद पूर्वीइतका टोकाचा वाटत नाही.

तिरकस

मी विरोधी पक्षातून हळूहळू बाहेर पडत आहे, म्हणून या बाजूने एक भर घालतो. सरकारी दिरंगाईला आपण ‘लालफीत’ म्हणतो तो शब्द इंग्रजीवरून आला, आणि ज्या फितीवरून तो आला त्या, म्हणजे इंग्लंडमध्ये कायद्याचे कागद बांधण्याच्या फिती, करडईच्या रंगात रंगवल्या जात असत. त्या काळी बंगालातून, विशेषतः ढाक्याकडून, सुकवलेली करडईची फुले विलायतेला जात आणि ढाक्याचा माल उत्तम समजला जाई. त्या हिशेबाने कलेक्टर कचेरीत अडकलेला आपला प्रत्येक अर्ज कुसुंबी आहे.

कोरडवाहू (मंगळवेढा तालुका)

एवढी विद्वान चर्चा चालू आहे आणि यात करडई पिकवणारा कोणी बोललेला नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे काळ्या जमिनीत ज्वारी हेच मुख्य पीक, आणि करडई तिच्या सोबतीला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते, पाऊस संपल्यावर खालच्या ओलीवर ती वाढते, कारण तिचे मूळ खोल जाते. ज्वारीच्या रानाला कडेने करडईच्या ओळी घालतात, त्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. काढणी पहाटे दवात करायची, कारण उन्हात काटे ताठ होतात. हाताला फडकी गुंडाळल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. ज्या बायकांनी ही काढणी केली आहे त्यांना करडई या शब्दाने पहिल्यांदा काटे आठवतात, फूल नव्हे. नीलाक्षरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर असे: आमच्यासाठी ते तेलाचे आणि कुंपणाचे पीक आहे. त्याच्या फुलाला आमच्या हिशेबात कधी जागाच नव्हती. ज्या गावात फुले विकली जात नव्हती, त्या गावाने रंगाऱ्याचा शब्द पिकाला कशाला लावावा?

फुलाच्या रंगाबद्दल मात्र एक गोष्ट कोणी सांगितली नाही. फूल उमलते ते पिवळे. पुढे काही दिवसांत ते नारिंगी होत जाते आणि सुकताना लाल दिसू लागते. म्हणजे तो लाल रंग फुलातही दिसतो, फक्त फूल म्हातारे झाल्यावर. पाकळ्या त्याच वेळी काढायच्या असतात. तोपर्यंत बी धरलेले असते, त्यामुळे तेलाच्या उत्पन्नाचे नुकसान होत नाही. आता बिनकाट्यांचे वाणही आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढलेला ‘नारी-६’ हा त्यातलाच, आणि त्याच्या पाकळ्या चहासारख्या उकळून पिण्यासाठी विकतात. आपल्या सोलापुरातही करडईच्या संशोधनाचे काम बरीच वर्षे चालत आले आहे.

जाता जाता सावधगिरीची सूचना. स्वस्त केशर म्हणून बाजारात जे मिळते त्यात या पाकळ्यांची भेसळ असते. केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होते. करडईची पाकळी बारीक नळीसारखी असून टोकाला तिच्या पाच चिरफळ्या झालेल्या असतात.

ताई, आपल्याला पाकळ्या हव्या असतील तर सांगा. हुरड्याला या आणि घेऊन जा.

नीलाक्षरी

कोरडवाहू दादा, आपल्या निमंत्रणाला मान देऊन आम्ही खरोखरच आलो, आणि आपल्या घरच्यांनी जो हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली तिच्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. आई आणि मावशी दोघीही होत्या. पाकळ्यांची एक मोठी पिशवी घेऊन आम्ही परत आलो आणि धोटा काकांच्या पद्धतीने घरच्या घरी प्रयोग केला. येथे तो जसा झाला तसा लिहिते.

पाकळ्या रात्रभर भिजवल्या. पहिले पाणी इतके पिवळे झाले की मावशी म्हणाली, आता यातून काही लाल निघायचे नाही. सात वेळा धुतल्या, फडक्यात बांधून पिळल्या, तेव्हा पाणी जवळजवळ निवळ आले. मग पापडखाराच्या पाण्यात तासभर ठेवल्या. जे पाणी आले ते तपकिरी, काहीसे काढ्यासारखे आणि मुळीच आशादायक नव्हते. जुन्या सुती धोतराचे फडके त्यात घातले आणि आईने वरून लिंबू पिळायला सुरुवात केली. तिसऱ्या लिंबाला पाण्याचा रंग पालटला. तो क्षण मला वर्णन करता येणार नाही. एवढेच सांगते की मावशीने ‘अगं बाई’ म्हणून आईचा हात धरला.

पहिले फडके स्वच्छ गुलाबी झाले. दुसरे फडके आम्ही उरलेल्या पाकळ्यांचा ताजा रंग काढून चार वेळा बुडवले, आणि ते आईच्या शब्दांत ‘त्याच्या जवळ जाणारे’ तांबडे झाले. नारिंगीची झाक मात्र त्यात आली नाही. ती पिवळा न धुता घातलेल्या रेशमी तुकड्यावर आली.

दोन्ही फडकी गच्चीवर वाळत घातली आणि चिमटे लावले. आमचे सोलापूरचे ऊन माघातही कसे असते ते सर्वांना ठाऊक आहे. फडकी काढायची राहून गेली. पाचव्या दिवशी वर गेले तेव्हा तांबडे फडके गुलाबी झाले होते आणि गुलाबी फडके जवळजवळ पांढरे. फक्त चिमट्याखालच्या दोन बोटांएवढ्या जागेत पहिला रंग तसाच होता.

तिरकस यांची शंका मी विसरलेले नाही. आजीचे लुगडे करडईने रंगवलेले होते असे आमच्यापैकी कोणीही आता म्हणत नाही. परंतु आईने ते पाहिले तेव्हा ते नवीन होते, आणि मावशीला समज आली तोपर्यंत ते दहा-बारा वर्षे धुतलेले होते.

आईने ते चिमट्याचे ठसे असलेले फडके घडी करून ट्रंकेत ठेवले आहे. मावशीला तिचे फडके हवे होते, पण त्याचा रंग गेल्यामुळे तिने पुन्हा पाकळ्या मागितल्या आहेत. कोरडवाहू दादा, काढणी होण्याआधी आणखी एक पिशवी मिळू शकेल का?

कोरडवाहू

मिळेल. पण या वेळी तोडायला मावशींनाच पाठवा, आणि हाताला गुंडाळायला जाड फडके घरूनच द्या.